टर्बो वर दिसतो, मार खाली बसतो



गेल्या आठवड्यात आमच्या वस्तीतला एक तरुण संध्याकाळी घरी आला. "जय भीम, काका," म्हणून टेकला आणि लगेच मुद्द्यावर आला. "जुन्या जीपचं इंजिन बांधायला काढलंय. आता उघडलंच हाय तर टर्बोबी बसवून घेतो म्हणलं. पिस्टन अन् बेअरिंग कोणते टाकावेत, तेवढं सांगा."

आम्ही पेशाने कारकून. हातात पाना कधी धरला नाही. तरीही वस्तीतली मुले हा प्रश्न घेऊन आमच्याकडे येतात. त्याला कारण २००८ सालचा एक प्रसंग आहे. त्या प्रसंगाने आम्हाला इंजिनाचे पोट शिकवले, आणि शिकवणीची फीही घेतली.

आमच्या शेजारच्या मावशींच्या मुलाने त्या साली जुनी सुमो घेतली होती. पैसे पतसंस्थेचे आणि कर्जाला जामीन आम्ही. मुलगा कष्टाळू. लग्नाची वऱ्हाडे, अंबाजोगाईच्या दवाखान्यात जाणारे पेशंट, ऊसतोडीला निघालेल्या लोकांची सामानसुमानासह ने-आण, असे मिळेल ते भाडे तो करी. पण गाडी भरली की मांजरसुंब्याच्या घाटात तिचा दम सुटे. मागून टर्बोवाल्या गाड्या भरकन निघून जात आणि हा दुसऱ्या गिअरमध्ये रडतखडत वर चढे. कुणीतरी सांगितले, भंगारात टर्बो मिळतो, बसवून टाक. मिस्त्रीनेही होकार दिला. "इंजिन तेच, बोअर तोच. पिस्टन काढायची गरज नाही. टर्बो बसवू, पंप थोडा वाढवू, गाडी पळायला लागेल," असे त्याचे म्हणणे.

गाडी खरोखरच पळाली. वीस-पंचवीस दिवस मुलाच्या तोंडावर हसू होते. नंतर एका रात्री केजहून वऱ्हाड घेऊन येताना घाटात काळ्या धुराचा लोट निघाला, खालून ठोके ऐकू आले आणि इंजिन जागीच जाम झाले. बायकामुले दोन तास रस्त्याच्या कडेला बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात गोणपाटावर इंजिन उघडून ठेवले होते. तिसऱ्या पिस्टनला वरून रुपयाएवढे भोक, त्याच्या कडा गूळ वितळावा तशा ओघळलेल्या. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग क्रँकला चिकटून निळे-काळे पडलेले. मावशी बराच वेळ पाहत उभ्या राहिल्या आणि आम्हाला म्हणाल्या, "भाऊ, टर्बो तर वर बसवला होता ना? मग खालचं कसं काय मोडलं?"

त्या वेळी आम्हाला उत्तर देता आले नाही. पुढे शहरातल्या एका जुन्या, जाणत्या लेथवाल्याकडे आम्ही तीन संध्याकाळी जाऊन बसलो. क्रँक घासण्यात आणि बोअर करण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी समजावून सांगितले ते आम्ही वहीत उतरवले, नंतर पुस्तकांतून पडताळून पाहिले. मावशींच्या प्रश्नाचे उत्तर आज या सदरात देत आहोत.

प्रथम टर्बो म्हणजे काय ते पाहू. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर वाया जातो. त्या धुराच्या झोताने एक लहान चक्र फिरवायचे, त्याच दांड्यावर दुसऱ्या बाजूला दुसरे चक्र बसवायचे आणि त्याने बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबायची, एवढेच हे यंत्र. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने त्याचे पेटंट १९०५ साली घेतले. हवा जास्त गेली की जास्त डिझेल जाळता येते. जास्त डिझेल जळाले की ताकद जास्त. ताकद येते ती डिझेलातून, टर्बो फक्त ते जाळण्यापुरती हवा पुरवतो. हे नीट ध्यानात ठेवावे, कारण घोटाळा नेमका इथेच होतो.

आता आपल्या पुण्यात तयार झालेल्या इंजिनाचेच उदाहरण घेऊ. टाटांच्या इंजिनाच्या नंबरातच त्याची कुंडली असते. ४८३ म्हणजे चार सिलिंडर आणि ८३ मिलिमीटर बोअर. ४९७ म्हणजे चार सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर आणि बोअर तोच ९७. सुमो १९९४ साली आली तेव्हा तिच्यात ४८३ इंजिन होते, १९४८ सीसीचे, बिनटर्बोचे. १९९८ साली सफारी आली तिच्यातही १९४८ सीसीचेच इंजिन, पण टर्बो लावलेले. पोट तेवढेच, पण ताकद पासष्टच्या आसपास अश्वशक्तीवरून नव्वदच्या जवळ गेली.

मग मिस्त्रीचे "बोअर तोच" हे म्हणणे खोटे होते काय? नाही. बोअर खरोखर तोच होता. पण कंपनीने टर्बो लावताना आतले पिस्टन तेच ठेवले नव्हते. माप सारखे म्हणून वस्तू सारखी, असे धरून चालणे ही पहिली चूक.

आम्ही बी.कॉम. झालेले. आकड्याशिवाय आमचे समाधान होत नाही. ८३ मिलिमीटर बोअरच्या पिस्टनचे डोके म्हणजे सुमारे ५४ चौरस सेंटिमीटर. बिनटर्बो इंजिनात डिझेल पेटताना दर चौरस सेंटिमीटरला ८० किलो दाब आला असे हिशोबापुरते धरा. ५४ गुणिले ८० म्हणजे ४,३२० किलो. टर्बो लावून तोच दाब ११० वर गेला तर ५,९४० किलो. म्हणजे एकेका घावाला दीड टनाहून अधिक वाढ. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे फिरत असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये हा घाव सेकंदाला २५ वेळा बसतो. पिस्टन तो घाव झेलतो आणि गजन पिनमार्फत कनेक्टिंग रॉडला देतो. रॉड बेअरिंगला देतो, बेअरिंग क्रँकला. मावशींचे उत्तर हेच. टर्बो वर दिसतो, पण त्याचा मार खाली बसतो.

पिस्टनचे दुसरे दुखणे उष्णता. पिस्टन अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, मिश्रधातू त्याही आधी मऊ पडतो. ३०० अंशांच्या पुढे त्याची ताकद झपाट्याने उतरत जाते. सिलिंडरमध्ये जळणाऱ्या वायूचे तापमान तर २,००० अंशांच्या वर जाते. पिस्टन टिकतो तो घाव क्षणाचा असतो म्हणून, आणि रिंगा व तेल त्याची उष्णता सतत वाहून नेतात म्हणून. घाटात पाय दाबून धरला, पंप वाढवून डिझेल अंदाधुंद सोडले, की उष्णता येण्याचा वेग जाण्याच्या वेगाहून वाढतो. काळा धूर म्हणजे न जळालेले डिझेल, आणि धोक्याची घंटाही तीच. मुलाच्या गाडीला ती घंटा आधी पंधरा दिवस वाजत होती. सगळे त्याला ताकद समजत होते.

तेव्हा टर्बोसाठी पिस्टन निवडताना चार गोष्टी पाहाव्यात.

एक, वरच्या रिंगेची खाच. मार आणि उष्णता तिथेच सर्वांत जास्त. टर्बो डिझेलच्या चांगल्या पिस्टनमध्ये या खाचेत निकेलयुक्त बीडाची कडी ओतताना पक्की बसवलेली असते. आमच्या जिल्ह्याचे आणि ओतीव लोखंडाचे नाव एकच, म्हणून ही खूण आमच्या चांगली लक्षात राहिली. पिस्टन उजेडात धरून पाहिला तर पांढऱ्या अॅल्युमिनियममध्ये करड्या धातूचे वळे स्पष्ट दिसते. ही कडी नसली तर खाच झिजून रुंद होते, रिंग खेळू लागते आणि शेवटी मोडते. बिनटर्बोच्या काही पिस्टनांनाही कडी असते, म्हणून कडी दिसली एवढ्यावर पिस्टन टर्बोचा ठरत नाही.

दोन, डोक्याची घडण. डिझेल इंजिन हवा दाबूनच तापवते. टर्बो आधीच दाबलेली हवा देतो, म्हणून आत आणखी किती दाबायचे ते प्रमाण थोडे कमी ठेवावे लागते. कंपनी त्यासाठी पिस्टनच्या डोक्यावरची वाटी किंवा उंची बदलते. काही जण हेच काम लेथवर जुन्या पिस्टनचे डोके खरवडून करतात, किंवा हेडखाली दोन गॅस्केट घालतात. खरवडल्याने जिथे जाडी हवी तिथेच धातू पातळ होतो. दोन गॅस्केटांतून पाणी आणि दाब दोन्ही फुटतात. हे दोन्ही उपाय स्वस्त वाटतात, पण परवडत नाहीत.

तीन, खालून गारवा. अनेक टर्बो इंजिनांत ब्लॉकमध्येच तेलाची पिचकारी बसवलेली असते, ती पिस्टनच्या पोटावर सतत तेल मारते. जड गाड्यांच्या पिस्टनमध्ये तर तेल फिरण्यासाठी आतून पोकळ नाली असते. आपल्या ब्लॉकला पिचकारीच नसेल तर भारी पिस्टन घालूनही काम अर्धेच होते.

चार, ओतीव की घडीव. तरुण मुलांना हल्ली घडीव, म्हणजे फोर्ज्ड, पिस्टनचे मोठे आकर्षण. घडीव पिस्टन मजबूत खरा. पेट्रोल गाडीला टर्बो लावताना तो उपयोगी पडतो, कारण तिथे अवेळी स्फोटाचे धक्के बसतात आणि ओतीव पिस्टन त्यात तडकतो. पण ज्या घडीव धातूत सिलिकॉन अगदी कमी असते तो तापल्यावर जास्त फुगतो. म्हणून बोअरमध्ये मोकळीक जास्त ठेवावी लागते आणि सकाळी थंड इंजिन खडखड वाजते. रोजच्या भाड्याच्या डिझेल गाडीला कंपनीच्या टर्बो इंजिनाचा, कडी बसवलेला ओतीव पिस्टन पुरेसा असतो. शर्यतीची वस्तू संसाराला लागतेच असे नाही.

रिंगांविषयीही थोडे. रिंग बोअरमध्ये बसवल्यावर तिच्या दोन टोकांत फट राहते. साध्या इंजिनात ती बोअरच्या दर इंचाला साधारण चार थाऊ धरतात, टर्बोला पाच-सहा. फट कमी राहिली तर तापल्यावर टोके एकमेकांना भिडतात आणि रिंग पिस्टनची भिंतच उचकटून काढते. रिंग बोअरमध्ये सरळ ढकलून फिलर गेजने फट मोजायला दहा मिनिटे लागतात. मिस्त्री मोजतो की नाही ते समोर उभे राहून पाहावे.

आता बेअरिंग. इथे बेअरिंग म्हणजे गोळ्यांचे नव्हे. क्रँकभोवती दोन अर्धगोल वाट्या बसतात, त्यांना बेअरिंग म्हणतात. चालत्या इंजिनात क्रँक आणि वाटी एकमेकांना टेकतच नाहीत, मधल्या तेलाच्या थरावर क्रँक तरंगतो. त्या थरासाठीची जागा साधारणपणे जर्नलच्या दर इंच जाडीला एक थाऊ, म्हणजे दोन इंची जर्नलला दोन थाऊ. एवढ्याशा जागेतल्या तेलावर पाच-सहा टनांचे घाव पडतात.

पूर्वी वाटीला आतून पांढऱ्या धातूचा, म्हणजे कथील जास्त असलेल्या मऊ मिश्रधातूचा लेप असे. आयझॅक बॅबिट या अमेरिकी कारागिराने तो १८३९ साली आणला. हा धातू फार सोशीक. तेलातला कण स्वतःत रुतवून घेईल, पण क्रँकला ओरखडा येऊ देणार नाही. मात्र मोठा मार त्याला सोसत नाही. त्यानंतर अॅल्युमिनियम-कथिलाच्या वाट्या आल्या, त्या रोजच्या साध्या इंजिनाला उत्तम. आणि तिसरा प्रकार तीन थरांचा: पाठीला पोलाद, मध्ये तांबे-शिसे आणि वर मऊ धातूचा अगदी पातळ थर, सुमारे एक थाऊचा. जड काम करणाऱ्या टर्बो डिझेलमध्ये वर्षानुवर्षे हाच प्रकार चालत आला. अलीकडे शिसे टाळून केलेले प्रकारही निघाले आहेत. तीन थरांच्या वाटीत तांबूस रंग उघडा पडू लागला की वरचा थर गेला असे समजावे.

जितका धातू कणखर, तितका तो घाण कमी सोसतो. म्हणून भारी बेअरिंग घातले तर तेल आणि फिल्टरही तितकाच चांगला हवा. शिवाय दोन वाट्या सारख्या दिसल्या तरी त्यांचे काम सारखे नसते. कनेक्टिंग रॉडच्या वरच्या वाटीवर स्फोटाचा भार येतो, मेन बेअरिंगच्या खालच्या वाटीवर. काही टर्बो इंजिनांत म्हणूनच दोन वाट्या निराळ्या धातूच्या असतात. अदलाबदल झाली तर बसताना कळत नाही, घाटात कळते.

क्रँक घासला असेल तर बेअरिंग अंडरसाइज लागते, दहा थाऊ, वीस थाऊ असे. काही क्रँकच्या पृष्ठभागाला कंपनीत कठीणपणा दिलेला असतो. खोल घासले की तो थर निघून जातो. तेव्हा "अजून दहा काढू" म्हणण्याआधी क्रँक पुन्हा कठीण करावा लागेल का, हे विचारावे. जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाईही जशीच्या तशी राहिली पाहिजे. कोपरा काटकोनी झाला की क्रँक तिथूनच तुटतो.

गॅरेजात काही जुगाड चालतात, त्यांना स्पष्ट नाही म्हणावे. बेअरिंगला पॉलिश पेपर मारणे, वाटीच्या पाठीमागे कागद किंवा पत्रा घालणे, जागा कमी करायला कॅप घासणे, आणि टॉर्क पाना न वापरता अंदाजाने बोल्ट आवळणे. वाटी आपल्या घरात घट्ट दाबून बसली तरच तिची उष्णता रॉडला जाते. मागे कागद घातला की तो मार्ग बंद. मावशींच्या मुलाच्या गाडीत दोन वाट्यांमागे कागद निघाला. जुन्या इंजिनाने बिनटर्बोचा मार कसाबसा सोसला, टर्बोचा सोसला नाही.

टर्बोलाही तेल याच इंजिनातून जाते. त्याचे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते आणि तेही तेलाच्या थरावरच फिरते. म्हणजे जुन्या तेलपंपावर एक खाणारे तोंड वाढले. इंजिन बांधताना पंप तपासला नाही तर बाकी सगळा खर्च वाया. घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद करू नये, मिनिट-दोन मिनिटे हळू चालू ठेवावी. हा सल्ला फुकटचा आहे, पण हजारो रुपये वाचवतो.

सामान कुठून आणावे? टर्बो इंजिनाचा पिस्टन आणि बेअरिंग बोअरच्या मापावर मागू नये, इंजिनाचा पूर्ण नंबर सांगून कॅटलॉगमधल्या नंबरानेच मागावे. हा माल बनवणारे कारखाने आपल्याच राज्यात आहेत. कोल्हापूरला शिरोलीत मेनन पिस्टन्स आणि गोकुळ शिरगावला मेनन बेअरिंग्ज अनेक वर्षांपासून काम करीत आहेत. मद्रासकडे इंडिया पिस्टन्स १९४९ पासून आहे. कोणत्याही कंपनीचा घ्या, पण पक्के बिल घ्या. बिल नसेल तर नकली मालाबद्दल तक्रार करायला तोंड राहत नाही.

एक गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला मनाने करता येत नाही. तेव्हा पाना हातात घेण्याआधी आरटीओत विचारावे आणि विमा कंपनीला कळवावे. अपघात झालाच तर न कळवलेला बदल भरपाईच्या आड येतो. भाड्याच्या गाडीत दुसऱ्याची लेकरे बसतात, हे विसरून कसे चालेल?

त्या वेळी आम्ही मावशींच्या ओट्यावर बसून वहीत दोन रकाने पाडले. एका रकान्यात टर्बोसकट खर्च: टर्बो इंजिनाचे पिस्टन, रिंगा, बेअरिंग, पंपाची सेटिंग, तेलपंप, क्रँकचे काम. दुसऱ्यात टर्बो काढून, मूळ पद्धतीने नीट बांधलेले इंजिन. टर्बोची किंमत पहिल्या रकान्यातली सर्वांत लहान रक्कम निघाली. मुलगा बराच वेळ वही पाहत बसला. मावशी त्याला म्हणाल्या, "घाटात हळू गेलास तरी पोचशील की रे." टर्बो भंगारात परत गेला. लेथवाल्यांनी क्रँक मापात घासून दिला, नंबराप्रमाणे पिस्टन आणि बेअरिंग आले, मापे आमच्या समोर घेतली गेली. सुमो त्यानंतरही घाट दुसऱ्या गिअरमध्येच चढत राहिली आणि २०११ साली कर्जाचा शेवटचा हप्ता तिनेच फेडला. जामीन म्हणून आमची मानही सुटली.

आज बहुतेक डिझेल गाड्या कंपनीतूनच टर्बो घेऊन येतात, ट्रॅक्टरही येतात. तिथे नेमकी उलटी चूक होते. इंजिन बांधताना स्वस्त म्हणून बिनटर्बोचे पिस्टन टर्बोच्या इंजिनात जातात, कारण बोअर तोच. फळ तेच मिळते. ज्या घरात मुलगा गॅरेजात काम शिकतो आहे, त्यांनी त्याला आयटीआयचा मेकॅनिक डिझेल हा एक वर्षाचा अभ्यासक्रम जरूर करायला लावावा. हाताला कसब आहेच, त्याला मोजण्याची सवय लागली पाहिजे.

गेल्या आठवड्यात आलेल्या त्या तरुणाला आम्ही हेच सगळे सांगितले आणि जुनी वही पुढे ठेवली. त्याने तीन प्रश्न आपल्या मोबाइलमध्ये लिहून घेतले. माझ्या ब्लॉकला तेलाची पिचकारी आहे का? माझा क्रँक किती वेळा घासला गेला आहे? आरटीओ काय म्हणते? "ह्यांची उत्तरं मिळाली की येतो, काका," म्हणाला आणि गेला. आम्ही त्याची वाट पाहत आहोत.